चांदीची तार, गळ्यातली तार

हुपरीला मामाकडे गेलं की सगळ्यात आधी कान जागे होतात. कोल्हापूर जिल्ह्यातलं, हातकणंगले तालुक्यातलं हे गाव चांदीचं. गल्लीतून नुसतं चालत गेलात तरी एका घरातून हातोडीची टकटक येते, दुसऱ्यातून मशीनची घरघर, आणि तिसऱ्या घराच्या सोप्यात कुणी काकू नाहीतर आजी पैंजणांना घुंगरू जोडत बसलेल्या असतात, त्यांच्या मांडीवरून छुनछुन येते. घराघरातून चांदी वाजते.

गेल्या सुट्टीत मामी अशीच सोप्यात बसली होती. समोर ताटलीत घुंगरांचे दोन ढीग होते, एक बारीक आणि एक जरा मोठ्यांचा. मी शेजारी बसून मोबाइलवर गाणं ऐकत होते. गाणं इटलीचं, चारशे वर्षांपूर्वीचं, आणि प्रेमाचं. पडद्यावर एक बाई उभ्या होत्या. शेजारी भलामोठा काळा पियानो, त्यावर एक वादक. बाकी काही नाही. ना तबला, ना ढोलकी, ना झगमग दिवे.

मामेभावाची लेक पाचवीत आहे. तिनं माझ्या खांद्यावरून डोकावून बघितलं आणि विचारलं, "आत्या, ह्यांचा माईक कुठं हाय?"

माईक नव्हताच. अशी मैफल माईकशिवायच होते, असं मी सांगितलं.

"मग मागं बसलेल्यांना कसं ऐकू जात असंल? आणि एवढा मोठा पियानो शेजारी वाजतोय की!"

दोस्तांनो, हा प्रश्न मला इतका आवडला की त्या दिवशी अर्धंच उत्तर देऊन माझं समाधान झालं नाही. उरलेलं उत्तर शोधत गेले तेव्हा वाटेत गळा भेटला, तार भेटली, गॅलिलिओचे बाबा भेटले, आणि शेवटी आपल्या कोल्हापूरचे एक महाराजही भेटले. चला, तुम्हीही या.

सुरुवात मामीच्या ताटलीपासून करू. बारीक घुंगरू हलवला की आवाज उंच, टिणटिण असा. मोठा हलवला की जरा खालचा, भरीव. मामी तर डोळे मिटूनही सांगते कुठल्या ढिगातला घुंगरू वाजला ते. लहान वस्तू भरभर थरथरते, मोठी जरा सावकाश. थरथर जितकी वेगानं तितका स्वर उंच. निसर्गाचा हा नियम घुंगराला लागू होतो, देवळातल्या घंटेला लागू होतो आणि तुमच्या गळ्यालाही.

आता दोन बोटं गळ्यावर ठेवा आणि 'आऽऽ' म्हणा. गुदगुल्या झाल्या ना? आत दोन छोट्या पडद्या आहेत. आपण त्यांना स्वरतंतू म्हणतो, पण त्या तारेसारख्या नसतात, ओठांसारख्या असतात. फुप्फुसातून हवा वर आली की त्या एकमेकींवर आपटतात आणि उघडतात, पुन्हा आपटतात, पुन्हा उघडतात. मोठ्या बाईच्या स्वरतंतूंची लांबी असते साधारण दीड सेंटीमीटर, म्हणजे तुमच्या करंगळीच्या नखाहून थोडीशीच जास्त! पुरुषांच्या जरा लांब आणि जाड असतात, म्हणून त्यांचा आवाज खालचा. आणि वेग किती? जगभरचे वादक आपली वाद्यं ज्या एका ठरावीक स्वराला जुळवतात, त्या स्वराला या पडद्या एका सेकंदात ४४० वेळा उघडझाप करतात. टाळी वाजवून बघा एका सेकंदात किती वेळा वाजवता येते. माझ्या सहा झाल्या.

आपल्याकडे गायक सांगतात, "माझी काळी चार." म्हणजे पेटीच्या त्या पट्टीला त्यांचा सा. युरोपात आवाजाची जात सांगतात. बायकांचा सगळ्यात उंच आवाज तो सोप्रानो. खालचा तो आल्टो. आणि या दोघींच्या मधला, माझ्या मोबाइलवरच्या बाईंचा, तो मेझ्झो-सोप्रानो. इटालियन भाषेत 'मेझ्झो' म्हणजे अर्धा किंवा मधला. सेकंदाला साधारण २२० कंपनांपासून ८८० पर्यंत, म्हणजे चांगली दोन सप्तकं, हा आवाज आरामात फिरतो. संगीतनाटकात, म्हणजे ऑपेरात, राजकन्येचं काम बहुतेक वेळा सोप्रानोला मिळतं. मेझ्झोच्या वाट्याला येते आई, मैत्रीण, चेटकीण, आणि कितीतरी वेळा चक्क मुलगा! आपल्याकडे बालगंधर्व स्त्री होऊन गायचे. तिकडे मेझ्झो-सोप्रानो बाई तुमान घालून पोरगा होऊन गाते.

मला विचाराल तर हा मधला आवाज माझा सगळ्यात लाडका. फार उंच गेलं की शब्द विरघळतात, 'आ' आणि 'ए' सारखेच वाटायला लागतात. मधल्या आवाजात शब्द ऐकू येतात, जणू कुणी जवळ बसून बोलतंय. आणि ही जुनी इटालियन गाणी शब्दांसाठीच जन्मली होती.

ती गोष्ट फ्लॉरेन्स शहरातली. आर्नो नावाच्या नदीच्या काठावर हे शहर आहे. साडेचारशे वर्षांपूर्वी तिथं जोव्हान्नी दे बार्दी नावाच्या सरदाराच्या वाड्यात कवी, गवई आणि विद्वान मंडळी जमायची. त्यांची एक तक्रार होती. त्या काळी गाण्यात चार-पाच जण एकाच वेळी वेगवेगळ्या चाली गायचे. ऐकायला सुंदर, पण शब्द? एकाचं 'प्रेम' संपायच्या आत दुसऱ्याचं 'दुःख' सुरू. ही मंडळी म्हणाली, एकानंच गावं, साथीला एकच वाद्य असावं, आणि शब्द सरळ काळजात जावा.

त्या वाड्यात येणारा एक गवई होता जुलिओ काच्चिनी. त्यानं अशी एकट्यानं गायची गाणी रचली आणि १६०२ साली त्यांचं पुस्तक छापलं. 'नवी संगीतरचना' अशा अर्थाचं नाव त्यानं त्याला दिलं. गंमत म्हणजे मुखपृष्ठावर साल छापलंय १६०१! चूक नाही ती. फ्लॉरेन्समध्ये तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, आपल्या पाडव्याच्या आसपास. म्हणून पुस्तक छापायला गेलं तेव्हा त्यांचं जुनं वर्ष अजून चालूच होतं.

त्या पुस्तकातलं सगळ्यात गाजलेलं गाणं आहे 'आमारिल्ली'. गाणारा आमारिल्ली नावाच्या मुलीला सांगतो की माझ्या प्रेमावर तुझा विश्वास नसेल तर हा बाण घे, माझी छाती उघड, आत काळजावर तुझंच नाव लिहिलेलं दिसेल. हे मामीला सांगितल्यावर ती पटकन म्हणाली, "मारुतीरायावानी की गं!" खरंच की. आपल्या हनुमंतानं छाती फाडून राम दाखवला होता. गाव कुठलं, भाषा कुठली, पण प्रेमाचा पुरावा मागितला की माणसं काळीजच उघडून दाखवतात.

काच्चिनी आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक गळ्याची कसरतही शिकवतो. तिचं नाव त्रिल्लो. एकच स्वर घ्यायचा आणि गळ्यातून ठोके देत पुन्हा पुन्हा म्हणायचा, आधी सावकाश, मग भरभर, मग आणखी भरभर. चेंडू जमिनीवर सोडला की टप्पे कसे जवळजवळ यायला लागतात, तसं. बायकोला आणि मुलींना आपण हीच रीत शिकवली, असं त्यानं लिहून ठेवलंय. त्यातली एक मुलगी फ्रान्चेस्का पुढं बापाइतकीच नावाजली. ती गायची, वाजवायची, स्वतः रचायचीही. १६२५ साली तिनं रचलेला ऑपेरा फ्लॉरेन्सजवळच्या एका महालात झाला. एका स्त्रीनं रचलेला आणि आजवर टिकलेला सगळ्यात जुना ऑपेरा तोच मानतात.

बार्दींच्या वाड्यात आणखी एक माणूस यायचा. त्याचं नाव विन्चेंझो गॅलिलेई. हो, गॅलिलिओचेच बाबा! ते ल्यूट वाजवायचे. ल्यूट म्हणजे पोट फुगलेलं, सतारीच्या लांबच्या बहिणीसारखं तारवाद्य. त्यांना एक गोष्ट खटकत होती. जुन्या पुस्तकांत लिहिलं होतं की तारेला टांगलेलं वजन दुप्पट केलं की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो, म्हणजे सा चा वरचा सा होतो. शतकानुशतकं लोक ते वाचत होते आणि माना डोलवत होते. विन्चेंझोंनी काय केलं? तारा घेतल्या, वजनं टांगली आणि छेडून बघितलं. दुप्पट वजनानं वरचा सा येतच नव्हता. त्याला लागत होतं चौपट वजन!

पुस्तकात लिहिलंय म्हणून न मानता, स्वतः तार छेडून बघणारे हे बाबा ज्या घरात होते, त्याच घरात गॅलिलिओ वाढला. तोही ल्यूट छान वाजवायचा. पुढं त्यानं दुर्बीण आकाशाकडे का वळवली असेल, याचं थोडंसं उत्तर मला त्या टांगलेल्या वजनांत दिसतं.

हा प्रयोग आम्ही हुपरीच्या सोप्यात केला. तुम्हीही घरातल्या मोठ्या माणसाला जोडीला घेऊन करा. मासे धरायच्या गळाचा मजबूत नायलॉनचा दोरा घ्या. एक टोक टेबलाच्या पायाला बांधा, दोरा टेबलावरून घेऊन दुसऱ्या बाजूनं खाली सोडा. टेबलावर दोऱ्याखाली दोन पेन्सिली आडव्या ठेवा, एक या टोकाला, एक त्या टोकाला. लोंबणाऱ्या टोकाला पिशवी बांधा आणि तीत एक लिटर पाण्याची भरलेली बाटली ठेवा. दोन पेन्सिलींच्या मधला दोरा छेडा. हा तुमचा सा. आता पिशवीत तशाच चार बाटल्या. पाय लांब ठेवा आणि छेडा. वरचा सा जवळजवळ आलाच म्हणून समजा. मग पिशवीत पुन्हा एकच बाटली ठेवा आणि बरोबर मध्यावर दोऱ्याखाली तिसरी पेन्सिल सरकवा. अर्धी लांबी. पुन्हा वरचा सा!

भाचीला एवढ्यानं कुठलं भागतंय? ती आजोबांकडे गेली आणि हातभर चांदीची तार मागून आणली. हुपरीत तार मिळायला कितीसा वेळ? चांदीची जाड कांब भोकाभोकांच्या पोलादी पट्टीतून ओढतात. आधी मोठ्या भोकातून, मग त्याहून लहान, मग आणखी लहान. प्रत्येक भोकातून तार बारीक आणि लांब होत जाते. ओढून ओढून चांदी कडक व्हायला लागते, म्हणून मधेमधे ती तापवून मऊ करावी लागते. भाचीनं आणलेली तार होती बारीक आणि अगदी मऊ. एक बाटली लावली, ती कशीबशी टिकली. दुसरी ठेवायला गेलो आणि तार आधी हळूच लांबली, मग टक्कन तुटली. भाचीचा चेहरा उतरला. आजोबा हसले, तुकडे गोळा केले आणि आटणीच्या डब्यात टाकले. चांदीचं हे बरं असतं, तुटलेलं वाया जात नाही.

पण त्या तुटण्यानं पियानोचं एक गुपित सांगून टाकलं. पियानोच्या पोटात साधारण २३० तारा असतात आणि त्या असतात पोलादाच्या. एकेक तार एका मोठ्या माणसाच्या वजनाइतक्या ताणाखाली असते. सगळ्यांचा ताण मिळून १८ ते २० टन! ट्रॅक्टरमागं उसानं गच्च भरलेल्या दोन ट्रॉल्या चाललेल्या तुम्ही पाहिल्या असतील. जवळपास तेवढं वजन त्या काळ्या पेटीच्या आत सतत ओढत असतं. म्हणून आतली चौकट ओतीव लोखंडाची. आणि खालच्या स्वरांच्या तारा? त्यांच्यावर तांब्याची तार गुंडाळून त्यांना मुद्दाम जड केलेलं असतं. जड तार सावकाश थरथरते. मोठा घुंगरू आठवला ना?

हा पियानोही जन्मला फ्लॉरेन्समध्येच. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाचा कारागीर तिथल्या मेदिची राजघराण्याची वाद्यं सांभाळायचा. त्याच्या आधीच्या पेटीत कळ दाबली की एक छोटी नखी तार छेडायची. हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज एकसारखाच. क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमाराला नखी काढली आणि तिच्या जागी इवल्याशा हातोड्या बसवल्या. पण हातोडी तारेवर टेकूनच राहिली तर? घंटेवर टोला मारून हातोडा तिथंच दाबून धरा, घंटा मुकी होते. म्हणून त्यानं अशी युक्ती केली की हातोडी तारेला मारते आणि बोट कळेवर असतानाच झटकन मागं येते. आता बोट हळू तर स्वर हळू, बोट जोरात तर स्वर मोठा. वाद्याला नाव पडलं हळू आणि मोठ्यानं वाजणारी पेटी. इटालियनमध्ये हळू म्हणजे 'पियानो', मोठ्यानं म्हणजे 'फोर्ते'. लोकांनी नावाचा शेवट गाळला, आणि ती एवढी दांडगी पेटी जगभर 'हळू' या नावानं ओळखली जाऊ लागली! क्रिस्तोफोरीनं केलेले तीन पियानो अजून शिल्लक आहेत. सगळ्यात जुना, १७२० चा, न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे.

म्हणजे बघा, काच्चिनीनं 'आमारिल्ली' रचलं तेव्हा पियानो होताच कुठं? तेव्हा साथीला असायचा लांब मानेचा ल्यूट नाहीतर नखीची पेटी. पुस्तकात गाण्याखाली फक्त खालच्या स्वरांची एक ओळ छापलेली असायची. बाकीचं वादकानं मनानं भरायचं, आपला पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो तसं. पुढं रोमच्या आलेस्सांद्रो पारिसोत्ती यांनी १८८५ पासून अशी जुनी गाणी पियानोच्या साथीसह छापली, आणि जगभर गाणं शिकणारी मुलं पहिल्या वर्षी हीच गाणी गिरवायला लागली, आपल्याकडे सरगम गीतं गिरवतात तशी. त्या संग्रहातलं एक 'जुनं' गाणं तर पारिसोत्तींनी स्वतःच रचून एका जुन्या संगीतकाराच्या नावावर खपवलं, असं अनेक अभ्यासक मानतात.

आता माईक. विसरले नाही मी.

पियानोच्या आवाजाचा मोठा जोर खालच्या कंपनांत असतो. वर जावं तसा तो जोर कमी होत जातो. तयार गायिका काय करते? ती ओरडत नाही. जीभ, टाळू, घशाची पोकळी यांचा आकार ती असा ठेवते की तिच्या आवाजातली सेकंदाला तीन हजारांच्या आसपासची बारीक कंपनं झळाळून उठतात. खालच्या आणि मधल्या आवाजाच्या गायकांमध्ये ही झळाळी विशेष दिसते. त्या तीन हजारांच्या टप्प्यात पियानोची गर्दी नसते. भरलेल्या एसटीत सगळे खाली दाटीवाटीनं उभे असतात आणि एक उंच माणूस वरच्या मोकळ्या हवेत आरामात बघत असतो, तसा तिचा आवाज पियानोच्या डोक्यावरून निघून जातो.

आणि समोरून मदत कोण करतं? तुमचा कान! कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी आहे साधारण अडीच सेंटीमीटर. तोंड जवळ नेऊन बाटलीच्या काठावरून फुंकलं की बाटली आपला ठरलेला स्वर मोठा करते ना, तशी ही नळी तीन हजारांच्या आसपासची कंपनं मोठी करते. म्हणजे गायिकेचा गळा आणि ऐकणाऱ्याचा कान, दोघं एकाच जागी भेटतात. मधे वीज नको, तार नको, पेटी नको.

मुंबईत गिरगावला रॉयल ऑपेरा हाऊस आहे. १९९३ ला ते बंद पडलं आणि दुरुस्त होऊन २०१६ च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडलं. तेव्हा तिथं गायल्या पॅट्रिशिया रोझारिओ, मुंबईत जन्मलेल्या, गोव्याच्या कुळातल्या सोप्रानो. साथीला पियानोवर त्यांचे यजमान मार्क ट्रूप. कधी संधी मिळाली तर अशा मैफलीला मागच्या रांगेत बसून ऐका. मागच्याच रांगेत. आश्चर्य तिथंच कळतं.

हे सगळं सांगून झाल्यावर भाची म्हणाली, "आत्या, फ्लॉरेन्सला आपल्यातलं कोण गेलंय का कधी?"

गेलंय. १८७० साली कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडला गेले होते. तरुण होते, शिकण्याची हौस होती, प्रवासात रोज इंग्रजीत डायरी लिहायचे. ती डायरी पुढं १८७२ ला लंडनमध्ये छापलीही गेली. परतीच्या वाटेवर ते इटलीत आले आणि आजारी पडले. ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्येच त्यांचं निधन झालं. तिथल्या कायद्यात दहनाला परवानगी नव्हती. खास परवानगी काढावी लागली. दोन नद्यांचा संगम असतो तिथं अंत्यसंस्कार करायचे म्हणून जागा निवडली आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमाची. आपल्या नरसोबाच्या वाडीला कृष्णा आणि पंचगंगा भेटतात, तशीच. रात्रीच्या वेळी, परक्या मुलखात, चिता पेटली. चार वर्षांनी तिथं छत्री उभी राहिली आणि तिच्याखाली महाराजांचा अर्धपुतळा. फेटा, दागिने, चेहरा कोवळा. जवळच्या मोठ्या पुलालाही फ्लॉरेन्सचे लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात.

मामी इतका वेळ मान खाली घालून घुंगरू जोडत होती. तिचा हात थांबला.

"वय काय हुतं?"

"वीस."

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग ताटली बाजूला सरकवली आणि म्हणाली, "त्याच गावचं गाणं न्हवं ते? लाव बघू परत."